‘डोक्यावर पाय देऊन वर गेला’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

दहा-बारा वर्षांपूर्वी मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघत होतो. अख्ख्या ऑफिसात बी.ए. इंग्लिश झालेला मी एकटाच, त्यामुळे इंग्रजी कागद म्हटला की तो माझ्याच टेबलावर यायचा. एकदा परदेशी गिऱ्हाइकाकडून फॉर्म आला. त्यांच्या कामावर आमचा जो सीनियर नेमलेला होता, त्याच्याबद्दल चार ओळी मागितल्या होत्या.

हा गृहस्थ कसा होता ते शॉपमध्ये कुणीही सांगितलं असतं. एका कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव मालात, सारखे ब्लो होल (वायू अडकून पडलेली भोकं) येत होते, रिजेक्शनचा ढीग लागला होता. पॅटर्न शॉपमधल्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या खात्यातल्या, मामांनी दोन रात्री जागून व्हेंटची (वायू बाहेर जायच्या वाटेची) जागा बदलली, कोअर (साच्यात बसवायचे रेतीचे गाभे) नीट वाळवून घ्यायला लावले आणि माल सुधारला. सोमवारच्या मीटिंगमध्ये सीनियरनं तेच स्वतःच्या नावावर सांगितलं. मामा दाराशी उभे होते, त्यांना कुणी आत बोलावलं नाही. आधीच्या रिजेक्शनचं खापर मात्र मोल्डिंगच्या पोरांवर फुटलं आणि दोघांचा ओव्हरटाइम बंद झाला.

मी फॉर्मवर रागारागानं लिहिलं: हा माणूस ‘व्हेरी अँबिशस, अ‍ॅग्रेसिव्ह अँड ओव्हरस्मार्ट’ आहे, ‘ही विल डू एनीथिंग फॉर सक्सेस’. साहेबांनी न वाचता सही केली. मनात म्हटलं, घे आता.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नव्या प्रोजेक्टचा लीड म्हणून त्यांनी त्याचंच नाव सुचवलं होतं. मामांना कळलं तेव्हा ते माझ्याकडं बघत म्हणाले, “लेका, मराठीत शिवी दिलीस आन् इंग्रजीत हार घातलास की!”

आता मी राजारामपुरीत घरी बसून भाषांतराचं काम करतो. तक्रारअर्ज, राजीनामे, शिफारसपत्रं, कोर्टाचे कागद असं काहीबाही येत असतं. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं: दुसऱ्याची पर्वा न करता वर चढणाऱ्याला इंग्रजीत म्हणायचं काय? माझ्यासारखा हार कुणाच्या हातून घातला जाऊ नये म्हणून हे लिहून ठेवतोय.

हाताशी काय काय हवं

- तुमचं मूळ मराठी वाक्य, कागदावर.
- त्या माणसानं खरोखर केलेल्या दोन गोष्टी, शक्यतो तारखेसकट. स्वभाव नको, कृती हवी.
- शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश, ज्याला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही इंटरनेटवर फुकट आहेत. यांची मोठी सोय म्हणजे पुष्कळ शब्दांपुढे ‘अप्रूव्हिंग’ किंवा ‘डिसअप्रूव्हिंग’ अशी खूण असते. शब्द कौतुकाचा की निंदेचा, हे त्या एका खुणेवरून कळतं. मला तेव्हा ही खूण माहीत असती तर पुढचं रामायण टळलं असतं.
- कोणत्या नामाला कोणतं विशेषण शोभतं हे सांगणारा कोलोकेशन कोश. विकत घ्यायलाच हवा असं नाही, वाचनालयात चौकशी करा. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्याच गावात आहे.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो शोधता येतो. मराठी शब्दाच्या छटा समजून घ्यायला याच्यासारखा कोश नाही, पण त्यातलं इंग्रजी कंपनी सरकारच्या काळातलं आहे. ते तसंच उचलून ईमेलमध्ये टाकू नका.
- त्या माणसाला ओळखणारा एखादा साधा माणूस. त्याचं काम शेवटच्या पायरीला आहे.

थिसॉरस मी मुद्दाम यादीत घातला नाही. तो तुम्हाला एका ओळीत वीस शब्द देतो, पण कुठला किती तिखट ते सांगत नाही. तांबडा आणि पांढरा रस्सा दोन्हींना नुसतं ‘रस्सा’ म्हणून वाढल्यासारखं ते आहे.

१. आधी मराठीत मनसोक्त लिहून काढा

इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठी वाक्य उतरवा. सभ्य नको, तोंडात येईल तसं. ‘दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन वर गेला.’ ‘आपलं घोडं पुढं दामटतो.’ ‘केसानं गळा कापला.’ ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाईल.’ ‘आपल्याच पोळीवर तूप ओढतो.’ ‘पाताळयंत्री आहे.’ ‘उलट्या काळजाचा आहे.’ रागात आपण ही सगळी एका दमात म्हणतो, पण ही सात वेगवेगळी माणसं आहेत. इंग्रजीत सातांना सात वेगळे शब्द लागतात.

एका बँकेतल्या ताई आल्या होत्या. “रूथलेसपेक्षा जोरदार शब्द सांगा,” म्हणाल्या. मी विचारलं, त्यानं केलं काय? अर्धा तास सांगत होत्या. मीटिंगमध्ये मध्येच बोलतो, साहेबांच्या पुढंपुढं करतो, ट्रेनिंगला स्वतःचंच नाव घालतो. शेवटी वैतागून म्हणाल्या, “आपलं घोडं नुसतं पुढं दामटतो हो!” मग झालं की. हा ‘पुशी’. रूथलेस म्हणायला माणसानं कुणाचं तरी वाटोळं केलेलं असावं लागतं. ताई जरा हिरमुसल्या, पण शब्द बरोबर होता.

२. दोष भुकेत आहे, डोळ्यांत आहे की हातांत?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं थोडा वेळ काढा.

महत्त्वाकांक्षा हा मुळात दोष नाही, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. अँबिशन हा शब्द लॅटिनमधून आला. रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला माणूस मतं मागत गावभर फिरायचा, त्या फिरण्याला ‘अँबिशिओ’ म्हणत. म्हणजे आपल्याकडची प्रचारफेरी. त्याच घराण्यातला ‘अँबिटस’ हा शब्द मतं विकत घेण्याच्या गुन्ह्यासाठी होता आणि त्याविरुद्ध रोमनांनी कायदे केले होते. फेरी चालेल, पाकीट चालणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे गणित कोल्हापूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

तर नुसतं अँबिशस लिहिलं की वाचणारा त्याला गुण समजतो. निंदा करायची असेल तर दोष कुठं आहे ते दाखवणारा दुसरा शब्द जोडावा लागतो.

दोष भुकेत असेल, म्हणजे हाव बेसुमार असेल, तर ‘अनब्रायडल्ड अँबिशन’ म्हणजे लगाम नसलेली, ‘नेकेड अँबिशन’ म्हणजे लाजलज्जा सोडून उघडी पडलेली. ‘ओव्हरवीनिंग अँबिशन’ यात स्वतःबद्दलची घमेंडही येते. आपल्याकडं वर्तमानपत्रं ज्याला ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ म्हणतात, तिथं हा शेवटचा शब्द बहुतेक वेळा चपखल बसतो. ‘डेमॉनिक’ लिहू नका, वाचणाऱ्याला भूतबाधा वाटेल. ‘व्हॉल्टिंग अँबिशन’ ही जोडी शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातली. घोड्यावर टांग टाकताना जोर जास्त लागून पलीकडं पडावं, अशी ती महत्त्वाकांक्षा. भाषणात शोभते, एचआरच्या पत्रात नाही.

दोष डोळ्यांत असेल तर प्रश्न असा: त्याला समोरचा माणूस दिसतच नाही, की दिसतो पण फरक पडत नाही? दिसत नसेल तर तो ‘इनकन्सिडरेट’. पण हा शब्द छोट्या गोष्टींचा आहे. राजारामपुरीत कुणी आपल्या गेटसमोर बुलेट आडवी लावून मिसळ खायला गेला तर तो इनकन्सिडरेट. महत्त्वाकांक्षेला हे विशेषण लावलं तर इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला ते खटकतं आणि आरोप मिळमिळीत होतो.

दिसतं पण काही वाटत नाही, तो ‘रूथलेस’. ‘रूथ’ म्हणजे दया. हा शब्द इंग्रजीत एकटा आता जवळपास कुणी वापरत नाही, त्याला नकार लावलेला मात्र टिकून राहिला. ‘रूथलेस अँबिशन’ आणि ‘रूथलेसली अँबिशस’ या दोन्ही जोड्या इंग्रजीत अगदी रुळलेल्या आहेत. एका दमात सांगायचं असेल तर तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर हेच.

त्याच्या शेजारी ‘कॅलस’ बसतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ घट्टा. मामांच्या तळहाताला घट्टे होते, रेतीचा खर आणि फावड्याचा दांडा यांनी पडलेले. गरम पातेलं ते फडक्याशिवाय उचलायचे. तसा मनाला घट्टा पडलेला माणूस कॅलस. रूथलेस माणूस काहीतरी मिळवायला निघालेला असतो. कॅलस नुसता बधिर असू शकतो.

दोष हातांत असेल, म्हणजे मार्गच वाईट असेल, तर ‘अनस्क्रूप्युलस’. माझा आवडता शब्द. ‘स्क्रूपल’ हा लॅटिनमधल्या टोकदार बारीक खड्यावरून आला, सद्सद्विवेकाची टोचणी या अर्थानं. कोल्हापुरी कितीही जाड तळाची असो, खडा आत शिरला की माणूस दोन पावलांवर थांबून चप्पल झटकतो. अनस्क्रूप्युलस माणसाला तो खडा टोचतच नाही, तो तसाच चालत राहतो.

आणि मार्ग नुसता वाईट नसून आतल्या गाठीचा, डाव टाकणारा असेल तर ‘मॅकियाव्हेलियन’, म्हणजे आपला पाताळयंत्री. फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी मॅकियाव्हेली १५२७ साली वारला, पण राजकारणावरच्या लिखाणामुळे त्याचं नाव विशेषण होऊन बसलं. इथं एक खड्डा आहे. आपण एखाद्याला ‘राजकारणातले चाणक्य’ म्हणतो ते कौतुकानं. तोच माणूस इंग्रजीत मॅकियाव्हेलियन लिहिलात तर तो शिवी समजून भांडायला येईल.

३. विशेषण माणसाला लावताय की परिस्थितीला?

‘कटथ्रोट’ हा शब्द पुष्कळांना माहीत असतो, कारण ‘गळेकापू स्पर्धा’ हे त्याचंच मराठी रूप आपण रोज पेपरात वाचतो. पण हा शब्द आजच्या इंग्रजीत जास्त करून धंद्याला, स्पर्धेला, राजकारणाला लागतो. ‘डॉग-ईट-डॉग’ तर जगालाच लागतं, एकट्या माणसाला नाही. ‘रॅट रेस’मध्ये निर्दयपणा नाहीच, नुसती दमछाक आहे. एखाद्या सहकाऱ्याबद्दल लिहायचं असेल तर ही तिन्ही बाजूला ठेवा.

४. मराठी वाक्प्रचार उचलून इंग्रजीत ठेवू नका

सगळ्यात जास्त अपघात इथं होतात. आम्ही मराठी माणसं विचार वाक्प्रचारात करतो आणि मग त्यातला शब्द न् शब्द पलीकडं नेतो.

‘तो सगळ्यांचे पाय ओढतो’ याचं एका पोरानं राजीनाम्यात ‘ही पुल्स एव्हरीवन्स लेग’ केलं होतं. इंग्रजीत याचा अर्थ तो सगळ्यांची थट्टामस्करी करतो. म्हणजे राजीनाम्याचं कारण काय, तर साहेब फार विनोदी आहेत! वर चढणाऱ्याला खाली खेचणं हा अर्थ हवा असेल तर ‘ड्रॅग अदर्स डाउन’ म्हणा. तिथं खेकड्यांची गोष्ट इंग्रजीतही चालते, ‘क्रॅब्ज इन अ बकेट’. पण ध्यानात ठेवा, खेकडा स्वतःही वर जात नाही. आपला माणूस वर गेलेला आहे.

‘केसानं गळा कापला’ याला कटथ्रोट करू नका. दोन्हींत गळा आहे आणि कापणं आहे, म्हणून मोह होतो. पण केसानं गळा कापणारा आधी विश्वास कमावतो. इंग्रजीत तो ‘बॅकस्टॅबर’, म्हणजे आपला पाठीत खंजीर खुपसणारा. गळ्याऐवजी पाठ, इतकाच फरक.

‘डोक्यावर पाय देऊन वर गेला’ यातलं डोकं इंग्रजीत न्यायचं नाही. ‘ही स्टेप्ड ऑन पीपल टु गेट अहेड’ किंवा ‘ही क्लाइम्ड ओव्हर हिज कलीग्ज’ असं येतं. ‘स्टेप ऑन समवन्स टोज’ मात्र वेगळं आहे. दुसऱ्याच्या अखत्यारीत लुडबुड करून त्याला दुखावणं, एवढाच त्याचा अर्थ. डोक्यावरचा पाय अंगठ्यावर आला की आरोप दहापट हलका होतो. ‘ही यूज्ड अस अ‍ॅज स्टेपिंग स्टोन्स’ हेही बरोबर, आमची पायरी केली.

‘वरवंटा फिरवला’ याला इंग्रजीत फार छान जोड आहे: ‘रोड रफशॉड ओव्हर’. घोडा घसरू नये म्हणून नालेचे खिळे बाहेर ठेवलेले असत. असा घोडा कुणाच्या अंगावरून गेला तर काय होईल याचा विचार करा. लोकांचं म्हणणं, हरकती, नियम तुडवत कुणी काही रेटून नेलं तर हा वाक्प्रचार वापरा. पत्रातही खपतो, भाषणातही.

‘कोपर मारत पुढं गेला’ असं मराठीत म्हटलं तर चालतं, आणि इंग्रजीत ‘शार्प-एल्बोड’ असं विशेषणच आहे. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकात, गारगोटीची गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकणारे एक आणि दारातून कोपरानं वाट काढणारे दुसरे. दुसरे ते शार्प-एल्बोड. यात क्रौर्य नाही, पण म्हातारीला बाजूला सारल्याचं दुःखही नाही.

‘थ्रो समवन अंडर द बस’ सध्या फार चाललंय. आपल्या केएमटीच्या सिटी बसशी याचा संबंध नाही. स्वतः वाचण्यासाठी दुसऱ्याचा बळी देणं, असा हा वाक्प्रचार. रिजेक्शनचं खापर मोल्डिंगच्या पोरांवर फोडणं इथं बसतं. मामांचं श्रेय लाटणं बसत नाही, तिथं ‘टुक क्रेडिट फॉर’ म्हणायचं.

‘साम दाम दंड भेद’ किंवा ‘काहीही करून’ यासाठी आपल्याकडं शाळेपासून एकच पाठ असतं, ‘बाय हुक ऑर बाय क्रूक’. यातला क्रूक चोर नव्हे, ती वाकडी काठी आहे. वाक्प्रचारात थोडी चलाखी आहे, पाप फारसं नाही. पाप दाखवायचं असेल तर ‘ही विल स्टॉप अ‍ॅट नथिंग’.

आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणी? इंग्रज इतका खोल जात नाही. तो म्हणतो, ‘ही वुड सेल हिज ओन ग्रँडमदर’, हा आपल्या आजीलासुद्धा विकेल. चहाच्या टपरीवर चालेल, लेटरहेडवर नाही.

५. कौतुकाच्या वेषातले शब्द

माझा जिथं पाय घसरला ती ही जागा.

‘अ‍ॅग्रेसिव्ह’: आपण भांडकुदळ या अर्थानं लिहितो. धंद्याच्या इंग्रजीत तो उत्साहाचा शब्द आहे. नोकरीच्या जाहिराती बघा, अ‍ॅग्रेसिव्ह सेल्समन पाहिजे असतो.

‘ओव्हरस्मार्ट’: हा आपल्याकडचा माल. बाहेरच्या वाचकाला त्यातलं ‘स्मार्ट’ तेवढं दिसतं.

‘ओव्हरअँबिशस’: हा सगळ्यात फसवा. वाटतं, अति महत्त्वाकांक्षी म्हणजे वाईटच. पण इंग्रजीत हा शब्द बहुधा झेपणार नाही अशा बेताला लावतात. सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत करू म्हणणारं वेळापत्रक ओव्हरअँबिशस. त्यात दुसऱ्याला तुडवल्याचा मागमूस नाही.

‘डू एनीथिंग फॉर सक्सेस’, ‘व्हॉटेव्हर इट टेक्स’: दोन्ही प्रेरणादायी पोस्टरवर शोभतात.

‘गो-गेटर’, म्हणजे धडाडीनं हवं ते मिळवणारा: कौतुक, पूर्ण कौतुक.

‘सेल्फिश’: निंदा आहे खरी, पण त्यात चढण नाही. घरी बसून शेवटचा लाडू खाणाराही सेल्फिशच.

खुद्द रूथलेसही कधीकधी बाजू बदलतो. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या दोन संघांची मॅच असावी, स्ट्रायकरनं मिळालेली एकुलती एक संधी जाळ्यात टाकावी. इंग्रजी कॉमेंट्रीत त्याला ‘रूथलेस फिनिशर’ म्हणतात, आणि पोरगं ते आयुष्यभर सांगत फिरतं. ‘रूथलेस एफिशियन्सी’ही निम्मं कौतुक. म्हणून रूथलेस लिहिलं की कुणावर ते लिहा. गोलपोस्टवर निर्दय असणं वेगळं आणि सहकाऱ्यावर वेगळं.

नुसती चुरस असेल तर यातलं काहीच नको. १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात आजवर किती पैलवान चितपट झाले असतील. चितपट करणाऱ्याला कुणी उलट्या काळजाचा म्हटलं नाही. त्याला ‘कॉम्पिटिटिव्ह’ म्हणतात. तुमच्या सहकाऱ्यानं सरळ मेहनतीनं प्रमोशन मिळवलं असेल आणि तुमच्या पोटात दुखत असेल, तर हा लेख इथंच बंद करा.

६. वाचणार कोण?

मित्राला लिहिताना आजी विका, घोडे नाचवा, काही बिघडत नाही. लेखात किंवा भाषणात ‘रूथलेस अँबिशन’ आणि ‘नेकेड अँबिशन’ वजन राखून असतात.

कचेरीच्या कागदावर मात्र माणसाला विशेषण चिकटवूच नका. एक तर वाचणाऱ्याला ते तुमचं वैयक्तिक भांडण वाटतं. दुसरं, लेखी आरोप अब्रूनुकसानीच्या कक्षेत येऊ शकतो. पूर्वी त्याला भारतीय दंडविधानाची ४९९-५०० कलमं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. योग्य अधिकाऱ्याकडं सद्भावनेनं केलेल्या तक्रारीला त्यात अपवाद आहे, पण ‘अनस्क्रूप्युलस मॅन’ असं लिहून तो अपवाद सिद्ध करत बसण्यापेक्षा काय घडलं ते लिहिणं सोपं.

स्वतःबद्दल लिहायची वेळ आली, म्हणजे परदेशी विद्यापीठाचा अर्ज वगैरे, तर ‘ड्रिव्हन’ किंवा ‘डिटरमिन्ड’. एका हुशार मुलीनं ‘आय अ‍ॅम रूथलेस इन माय अँबिशन’ लिहून आणलं होतं. तिला म्हटलं, बाळ, हे वाचून हॉस्टेलात तुझ्याबरोबर खोलीत राहायला कोण तयार होईल?

७. एका शब्दाचा हट्ट सोडा, क्रियापद धरा

लोक माझ्याकडं येतात ते एक शब्द मागायला. मी त्यांना बहुतेक वेळा वाक्य देऊन पाठवतो. विशेषणापेक्षा क्रियापद आणि त्याच्या मागचं शेपूट जास्त काम करतं. तीन शेपटं पाठ करून ठेवा.

‘अ‍ॅट द एक्स्पेन्स ऑफ अदर्स’, दुसऱ्याच्या जिवावर. हे सगळ्यात उपयोगी, कुठल्याही कागदावर चालतं.

‘विथ नो रिगार्ड फॉर’, अमक्याची पर्वा न करता. इनकन्सिडरेट जिथं तोकडा पडतो तिथं हे पुरतं.

‘रिगार्डलेस ऑफ हू गेट्स हर्ट’, कुणाला इजा होईल ते होवो. जरा भावनिक आहे, जपून.

यात तुमच्या यादीतली कृती घाला. वर गेल्यावर मागच्यांची वाट बंद करणारा असेल तर ‘पुल्ड अप द लॅडर बिहाइंड हिम’ हेही एक वाक्य खिशात असू द्या; शिडी चढून झाल्यावर ती वर ओढून घेणारे आपल्या गावात काही कमी नाहीत.

वर्षभरानं तोच फॉर्म पुन्हा आला. या वेळी मी एकही विशेषण वापरलं नाही. लिहिलं, की त्यानं पॅटर्न शॉपनं काढलेला उपाय स्वतःचा म्हणून सादर केला, आधीच्या रिजेक्शनचा दोष मोल्डर्सवर ढकलला, आणि ‘ही हॅज अ‍ॅडव्हान्स्ड हिमसेल्फ अ‍ॅट द एक्स्पेन्स ऑफ द पीपल हू डिड द वर्क’. कोणत्या महिन्यातलं कास्टिंग, कुठला हीट नंबर (भट्टीची कितवी खेप), तेही घातलं. साहेबांनी या खेपेला सही करण्याआधी वाचलं. दोनदा वाचलं. मग पेनचं टोपण काढलं.

८. उलटं भाषांतर करून बघा

कागद पाठवण्याआधी शेवटचं काम. इंग्रजी वाक्य झाकून ठेवा आणि ते मराठीत सांगा, पण मूळ वाक्य आठवून नव्हे, इंग्रजीत जे आहे तेवढंच. मोबाइलवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घालूनही बघता येतं. माझं पहिलं वाक्य तसं घातलं असतं तर ‘महत्त्वाकांक्षी, आक्रमक, हुशार’ असं काहीतरी बाहेर आलं असतं आणि मी वेळीच शहाणा झालो असतो. पण अ‍ॅपला त्या माणसाची ओळख नसते. म्हणून यादीत तो साधा माणूस सांगितला होता.

मी दुसरा फॉर्म घेऊन गेटबाहेरच्या टपरीवर गेलो. मामा बाकड्यावर बसून चहात बटर बुडवत होते. म्हटलं, मामा, ऐका, नाव सांगत नाही. आणि वाचलं: “दुसऱ्यानं केलेलं काम आपल्या नावावर सांगतो. चूक झाली की खालच्यावर ढकलतो. ज्यांनी राबून काम केलं त्यांच्या जिवावर स्वतः वर गेलाय.”

बटर मोडून चहात पडलं. मामांनी ते बोटानं काढलं, तोंडात टाकलं आणि मान हलवली.

“हां,” म्हणाले. “आत्ता गावला.”